पंधरा वॅटवर भागवणारा

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक पांढरी चिठ्ठी आहे. तिच्यावरची अक्षरं आता पुसट झाली, पण 'पंधरा वॅट' एवढं अजून वाचता येतं. मी एक जुना, साडेअठरा इंची, सपाट मॉनिटर. माझं बहुतेक आयुष्य हैदराबादेत, दिलसुखनगरच्या एका फ्लॅटमध्ये गेलं. वस्तूला कसला आलाय राग, असं तुम्हाला वाटेल. पूर्वी मलाही तसंच वाटायचं.

शहरातल्या कोठी बाजारातल्या एका दुकानात मी वरच्या फळीवर पडून होतो. खाली मोठमोठे पडदे झगमगत असत आणि येणारं गिऱ्हाईक त्यांच्यापुढेच थांबे. एके दिवशी माधवीताई आल्या. वय पन्नाशीचं, हातात शिवणाची टेप. जामबागेतल्या ज्या शाळेत त्या मराठी शिकवत, तिथला मराठीचा वर्ग मुलं नाहीत म्हणून बंद झाला होता. आता त्या धाकट्या भावाच्या घरी राहत आणि कॉम्प्युटरवरून शहरातल्या मराठी मुलांना लिहाय-वाचायला शिकवत. पण त्यांचा जुना, जाडजूड मॉनिटर अर्धं टेबल अडवी आणि एवढीशी खोली तापवून सोडी. करंट गेला की घरातल्या छोट्या इन्व्हर्टरला त्याचा भार पेलत नसे. वर्ग मध्येच बंद पडे. दोन घरांनी त्यावरूनच मुलं काढून घेतली होती.

"मॅडम, बडाच लेलो. आजकल सब वहीच लेरे," दुकानदार म्हणाला.

माधवीताईंनी त्याला शांतपणे विचारलं, चालू असताना हा किती वीज ओढतो? बटण बंद केलं आणि प्लग तसाच राहिला, तर किती? पाठीमागे खिडकी आहे, तर पडद्यावर चमक येईल का? दुकानदाराला निम्मी उत्तरं येत नव्हती. मग त्या स्वतःच एकेका खोक्यावरची चिठ्ठी वाचत गेल्या. आठ बाय सातच्या खोलीत डोळे आणि पडदा यांत हातभरच अंतर राहणार. मोठा पडदा घेतला तर दिवसभर मान वळवत बसावं लागेल, असा त्यांचा हिशेब होता. शेवटी त्यांनी मला खाली काढायला लावलं, टेपने मोजलं आणि म्हणाल्या, "हा बसेल."

मला त्याआधी कुणी वाचलंच नव्हतं.

पुढची चार वर्षं माझ्या सुखाची. करंट गेला तरी मी चालू राहायचो. गेलेली मुलं परत आली, नवी आली. त्यांत मानसी नावाची दहा वर्षांची मुलगी होती. ती मराठी भराभर बोले, मध्येच तेलुगू, मध्येच हिंदी. वाचताना मात्र प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळे. माधवीताई कधी तिचं वाक्य पुरं करत नसत. तिला शब्द सापडेपर्यंत थांबत. इतकं थांबणारं माणूस त्या घरात दुसरं नव्हतं.

मग त्यांचा भाचा तेजस नोकरीला लागला. काम घरून करायचं, म्हणून त्याला दार बंद करता येईल अशी खोली हवी होती.

"आत्या, तुझा मॉनिटर एवढासा तर आहे," तो म्हणाला. "डायनिंग टेबलवरही मावेल."

त्याचे वडील अनिल पेपर चाळत होते. "ताईला कुठेही चालतं," ते म्हणाले.

माधवीताईंनी शिवणाची टेप काढून डायनिंग टेबल मोजलं. मग म्हणाल्या, "मावेल."

कमी जागेत बसतो म्हणून त्यांनी मला निवडलं होतं. तेच कारण पुढे करून त्यांची खोली गेली.

हॉलमध्ये कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, कुणाचा ना कुणाचा फोन. मुलांना काही ऐकू जाईना. सहा महिन्यांत एकटी मानसी उरली. एका रविवारी ती एक गोष्ट वाचत होती, तेवढ्यात पाहुणे आले. पानं मांडायची होती. अनिलच्या बायकोने, मंगलाताईंनी, टेबल मोकळं करायला सांगितलं. "पुढचं आपण नंतर वाचू," माधवीताई मानसीला म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी वर्ग घेतलाच नाही. आणि का घेत नाहीत, हे घरात कुणी विचारलं नाही.

मला तेजसने परत त्याच खोलीत नेलं, त्याच्या मोठ्या पडद्याशेजारी. वर्गाचा ईमेल त्यानेच आत्याला उघडून दिला होता. त्या पत्त्यावर आलेलं त्याच्या लॅपटॉपवरही दिसे. गेल्या महिन्यात एका दुपारी माझ्या पडद्यावर एक निरोप उमटला.

"टीचर, ती गोष्ट मी एकटीने पूर्ण वाचली. तुम्हाला वाचून दाखवायची आहे. कधी येऊ?"

तेजसने पाहिलं. लहानपणी आत्या त्याला मराठी वाचायला शिकवायला बसली होती, तेव्हा तो दोनदा उठून गेला होता. "टी... च..." एवढं जुळवून त्याने नाद सोडला आणि निरोप काढून टाकला. बाहेर हॉलमध्ये, दहा पावलांवर, माधवीताई अंबाडीची पानं निवडत होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी थोड्या जागेत, थोड्या उजेडात भागवत असेल, तर त्याला काहीच लागत नाही असं समजू नका. ते माणूस मागणार नाही. तुम्हीच जाऊन विचारा.

माझी काळजी घ्या, असं मात्र मी म्हणणार नाही. माझी घेतली जाते. तेजस मला रोज मऊ फडक्याने पुसतो.