नारळाच्या शेंडीचा एक धागा

मी एक पाणबुडा रोबोट. समुद्राच्या तळाशी इंटरनेटच्या, फोनच्या केबल असतात. त्या तुटल्या की शोधायच्या, चिमट्यात धरायच्या, हे माझं काम. पण जन्म म्हणाल तर वाळूजच्या कारखान्यातला! समुद्र तिथून दिवसभराच्या वाटेवर. म्हणून माझी पहिली बुडी फुलंब्रीच्या एका विहिरीत झाली, आणि तिथंच मी मरता मरता वाचलो.

त्या सकाळी लई घाई होती. एका बेटाची केबल तुटली होती, तिथल्या दवाखान्याचा फोनसुद्धा बंद. संध्याकाळी मला ट्रकनं बंदरावर निघायचं होतं. फिटर विशाखानं माझ्या पोटाच्या झाकणाचं रबरी कडं पुसलं, ग्रीस लावलं. झाकण बसवणार, तेवढ्यात मालक काकासाहेब हजर.

"थांब पोरी! नारळ फोडल्याबिगर पाण्यात सोडती व्हय?"

आणि माझ्याच डोक्यावर नारळ फोडला की हो! विशाखाचे ओठ हलले; पण मालकाला कोण बोलणार? तिनं वरवर पुसलं आणि झाकण आवळलं.

दोन पुरुष खोल गेलो नाही, तोच पोटात गार थेंब शिरला. वर धोक्याची घंटा कोकलायला लागली. पाणी माझ्या तारांपासून बोटभर लांब! जीव नुसता टांगणीला.

"वढा! वढा त्याला!" विशाखा ओरडली आणि स्वतःच दोराला भिडली.

वर येताच काकासाहेब कडाडले, "झाकण कुणी लावलं? उद्यापासून कामावर येऊ नको!"

विशाखानं झाकण उघडलं. रबरी कड्यावर नारळाच्या शेंडीचा केसाएवढा धागा. तेवढ्याच फटीतून पाणी शिरलं होतं.

"झाकण मीच लावलं, काकासाहेब." तिनं धागा चिमटीत धरून दाखवला. "धागा तुमच्या नारळाचा. तुम्ही मोठे, म्हणून 'बाजूला फोडा' म्हणले नाय. माझी चूक तेवढीच."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. खिशातला रुमाल काढून ते कडं पुसायला वाकले.

"रुमालाचे बी धागे निघतात. बाजूला व्हा!"

आणि काकासाहेब मुकाट्यानं बाजूला झाले. विशाखानं सगळं नव्यानं बसवलं. दुसऱ्या बुडीत थेंब शिरला नाही.

आज मी नऊशे मीटर खाली आहे. तुटक्या केबलचं टोक चिमट्यात घट्ट धरलंय. चहूबाजूंनी पाणी दाबतंय, फट हुडकतंय. पोट अजून कोरडं आहे. बाबांनो, नारळ जरूर फोडा, माझा राग नाही. फक्त झाकण लावणाऱ्या बाईला आधी विचारा.