खुशालरावाचा मोटारेश्वर

"नातवाले दात आले, अन् तुमी अजून त्याचं तोंड पाह्यलं नाई," इंदूबाई नवऱ्याला म्हणाली. "त्या मोटारीलेच पाळण्यात घाला आता."

खरंच होतं ते. गावात वीज आली आणि तेव्हापासून खुशालराव विहिरीवरून हलला नव्हता. संत्र्याला फूल धरलेलं, त्याला रोज पाणी पाहिजे, आणि विहीर मोजून तीन तास पाणी द्यायची. त्यापुढं मोटार कोरडी फिरली की जळालीच. मागच्या साली गड्यावर भरोसा ठेवला, तर गडी निंबाखाली घोरत पडला आणि मोटारीचा कोळसा झाला. इंदूबाई तर विजेच्या भीतीनं खटक्याला हातच लावायची नाही. लेक तारा सासरी, परतवाड्याला. नातवासाठी जीव तीळतीळ तुटायचा, पण एसटी सकाळी एकच, तीही मोटार चालायच्या वेळेला; जाणार कसं?

मग त्यानं डोकं चालवलं. मोरोपंत पुजाऱ्यानं महादेवाचं जुनं अभिषेकपात्र अडगळीत टाकलं होतं, ते मागून आणलं आणि मोटारीच्या खोलीत आढ्याला टांगलं. खटक्याच्या दांड्याला दोरीनं तेलाचा रिकामा डबा बांधला. पात्रात भरलेल्या पाण्याची धार डब्यात पडे, तीन तासांत डबा जड होऊन दांडा खाली ओढी, मोटार आपसूक बंद. चार दिवस त्यानं पारखून पाहिलं. बिलकुल चूक नाही.

सोमवारी सकाळी मोटार लावली, धुतलेलं धोतर नेसला, नातवाचा खुळखुळा खिशात घातला आणि पाराजवळ एसटीची वाट पाहत उभा राहिला. गाडी आली. एक पाय पायरीवर ठेवला आणि विहिरीकडची घरघर थांबली. खुशालराव उतरला तो पळतच सुटला.

खोलीत शेजारची मैना आणि चारपाच बाया हात जोडून उभ्या. डब्याला कुंकू, वर बेलाची पानं.

"हे काय करून राहिल्या वो?"

"पात्र गळून राहिलं होतं, सोमवार हाये. ओतला पिंडीवर एकेक तांब्या."

"अवं, थो डबा हाये."

"महादेवबी गोटाच असते, खुशालभाऊ," मैना म्हणाली.

तो पात्र उतरवायला गेला, तर बाया अंगावरच आल्या. चालता अभिषेक मोडता? आमच्या लेकराबाळाले काई झालं तं? गलका ऐकून आलेल्या मोरोपंतांनीही नकाराची मान हलवली. "आता टांगलं नं? राहू द्या."

दुसऱ्या दिवशी वीस बाया आल्या. तांब्या ओतल्यावर मोटार थांबली की देवानं ऐकलं, असं त्या मानायच्या. आधी खुशालराव तीन तासांत एकदा उठायचा. आता दर पाच तांब्यांना डबा उपसायचा आणि खटका वर करायचा. "करायले गेलो खटका अन् झाला महादेव," असं ज्याला त्याला सांगायचा. लोक त्याच्याच पाया पडायचे.

शिवरात्रीला रांग पार नाल्यापर्यंत गेली. खुशालराव घामाघूम, कपाळाला कोणीतरी भस्म फासलेलं. एवढ्यात समोर तारा, कडेवर पोरगं.

"बाबा, परतवाड्यातबी मोटारेश्वराचं नाव झालं. सासूबाईच म्हने, जाऊन ये दर्शनाले."

तिनं पोराचा हात तांब्याला लावून पाणी ओतलं. दांडा खाली आला, मोटार थांबली. खुशालरावाचा हात सवयीनं खटक्याकडं गेला आणि मधेच वळला. त्यानं नातवाला उचललं. पोरानं त्याची मिशी धरली, तसे बुढ्याचे डोळे भरून आले.

"लावा नं मोटार, खुशालराव," रांगेतून मोरोपंत ओरडले. "लोकं खोळंबले."

"नाई लावत," खिशातला खुळखुळा काढत तो म्हणाला. "देवाले आज सुट्टी हाये."