दोन इंच

प्रबुद्धने गाड्या उंच करणं सोडलं त्याला दोन वर्षं झाली होती. घाटकोपरच्या भटवाडीत त्याचं गॅरेज. एकेकाळी मालाड-बोरिवलीहून लोक पिकअप घेऊन यायचे. आता तो फक्त क्लच नि ऑइल बघायचा.

निलेश सावंत जुनी पिकअप घेऊन दारात उभा राहिला तेव्हा प्रबुद्धच्या हातातला पाना खाली आला.

"डोंगरावरच्या पाड्यांवर औषधं पोचवायचं काम घेतलंय," निलेश म्हणाला. "खाली दगड लागतात. दोन इंच उचलून दे. या वेळी सगळं कायदेशीर. तेव्हासारखं नको."

तेव्हा प्रबुद्धनेच त्याची आधीची गाडी सहा इंच उचलली होती. घाटाच्या उतारावर ती उलटली. बाजूला बसलेला निलेशचा धाकटा भाऊ प्रांजल जागीच गेला.

"चूक माझीच," निलेश म्हणाला. "ब्रेक उशिरा दाबला मी."

प्रबुद्धला पुढे ऐकवेना. "ब्रेक लागलाच नसेल रे. गाडी उचलली की चाकाकडचा ब्रेकचा रबरी पाइप ताणतो, जास्त लांबीचा घालावा लागतो. तो दुसऱ्या दिवशी येणार होता. तुला घाई होती, मी म्हटलं, चालेल. नंतर गाडी बघितली मी. पाइप तुटलेला होता."

निलेशने गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. मग म्हणाला, "घरी चल. हे आईसमोर बोल."

मुलुंडच्या चाळीत निलेशच्या आईने, विमलाताईंनी, सगळं शेवटपर्यंत ऐकलं. प्रबुद्धने एकही शब्द गाळला नाही.

"दोन वर्सां ह्यो माझ्या डोळ्यांत बघूक नाय," त्या निलेशकडे बोट करून म्हणाल्या. "आणि तू गप रवलंस?"

"घाबरलो, मावशी."

"माफ केलंय असा म्हणूक माका जमाचा नाय." त्यांनी पदराने डोळे पुसले. "ह्याची गाडी मात्र नीट कर."

दुसऱ्या दिवशी दोघं आरटीओत गेले. उंची वाढवायची परवानगी मिळणार नाही, असं तिथे स्पष्ट सांगितलं. बाहेर येऊन निलेश चिडला, "मग आता करायचं काय?"

"गाडी आहे त्या उंचीवरच ठेवू," प्रबुद्ध म्हणाला. त्याने इंजिनाखाली जाड लोखंडी पत्रा बसवला, म्हणजे दगड इंजिनाऐवजी पत्र्याला लागेल. टायर कंपनीने ठरवलेल्याच मापाचे, पण खोल नक्षीचे घेतले. मागे ओढायचा हूक लावला. आणि चारही ब्रेकचे पाइप नवे घालून, एकेका चाकाखाली वाकून, बोटांनी चाचपून पाहिले. आठ दिवस गेले. निलेश रोज यायचा, स्टुलावर बसून काम बघायचा.

गाडी तयार झाली त्या दिवशी प्रबुद्धने किल्ली पुढे केली. निलेशने ती घेतली, गाडीत बसला, आणि बाजूचं दार आतून उघडलं.

"बस. उतारावर तूच बघ ब्रेक कसे लागतात ते."

प्रबुद्धने हात पुसले नि त्या सीटवर बसला. गाडी पाड्याकडे चढू लागली. दोन ठिकाणी खाली दगड घासला. पत्र्याने तो झेलला. उतरताना निलेशने तीनदा ब्रेक दाबला, आणि तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी थांबली.