उंबरठ्यापासून देवघरापर्यंत

उषाताईंच्या घरी महालक्ष्म्या उभ्या राहतात. भाद्रपदात गौरी यायच्या दिवशी घरातली सगळ्यात मोठी बाई सोवळं नेसते, कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवते आणि उंबरठ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं उमटवत जाते. मागून सून मुखवटे घेऊन त्या पावलांवरून आत येते. सोवळ्यातल्या बाईला काम होईपर्यंत कुणी शिवायचं नाही. दक्खन सोडून ग्वाल्हेरीत आल्याला कित्येक पिढ्या झाल्या, घरातली मुलं हिंदीत भांडायला लागली, पण हे काही सुटलं नाही.

गेल्या वर्षी मात्र घोटाळा झाला. बैठकीच्या खोलीत मध्यावर उषाताई उकिडव्या बसल्या त्या उठेचनात. मुलगा भालचंद्र ऑफिसच्या पँटमध्येच धावत आला आणि बगलेत हात घालून त्यानं आईला उचललं. आई उठली, पण सोवळं मोडलं. पुन्हा अंघोळ, पुन्हा नेसणं, आणि तोवर मुहूर्त टळून गेला.

त्या दिवशी घरानं ठरवून टाकलं की आईचं वय झालं. यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातल्या त्या घरात गादीची उंच खुर्ची आली. पाणी हातात, चहा हातात, चपला पायापाशी. सून सीमंतिनी म्हणायची, "आई, तुम्ही बसा. तुमचे आता बसायचेच दिवस." सासूला कसं फुलासारखं ठेवलंय म्हणून जुन्या शहरातल्या, गोरखीकडच्या नातेवाइकांत तिचं कौतुक व्हायचं. उषाताईंनाही ते सुख आवडलं होतं. फक्त वर्ष सरता सरता त्या खुर्चीतून उठतानासुद्धा दोन्ही हातांचा जोर लावावा लागे.

आषाढ संपता संपता सीमंतिनीनं बाजारातून चिकटवायची पावलं आणली. लाल, चकचकीत.

"बघा आई, दाना ओलीत मिळाली. यंदा पुढं मीच होते. तुम्ही खुर्चीत बसून बघा."

"बरं," उषाताई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

कृष्णरावांच्या, म्हणजे यजमानांच्या, ते लक्षात आलं. "अगं, सुटलीस! मी रिटायर झालो तेव्हा पेढे वाटले होते."

"तुमचं काय, तुम्हाला खुर्ची मिळाली की झालं. आधी ऑफिसातली, आता घरातली."

कृष्णरावांचा खांदा धरला होता, म्हणून हर्षिता नावाची मुलगी त्यांना व्यायाम द्यायला घरी यायची. उषाताईंनी तिलाच गाठलं. "पोरी, म्हातारपण आलं की खाली बसणं संपतंच का गं?"

हर्षितानं त्यांना उठायला लावलं, बसायला लावलं, गुडघे दाबून पाहिले. "काकू, थोडं वयाचं आहे. झूठ नहीं बोलूंगी. चाळिशीतले पाय वापस नाही येणार. पण बाकी सब इस कुर्सी का है. वर्षभर पायांना काही कामच दिलं नाही तुम्ही."

"या वयात ताकद परत येते?"

"नव्वदीतल्या लोकांची येते. धीरे धीरे, पर आती है."

मग रोज चालू झालं. आधी हात न टेकता खुर्चीतून उठणं. मग चौरंगावर बसणं, मग पाटावर. शेवटी जमीन. जमिनीवरून सरळ उठायला जायचं नाही, हे हर्षितानं बजावलं. आधी दोन्ही तळवे खाली, मग गुडघे, मग एक पाऊल पुढं आणि मांडीवर हात दाबून वर.

"म्हणजे घोड्यासारखं?" उषाताई लाजल्या.

"हो. घोडं उठतं की नाही?"

"तिचं खिंकाळणं मी जन्मभर ऐकतोय," पलीकडून कृष्णराव म्हणाले, आणि उषाताईंनी उशी फेकली.

एकदा सीमंतिनी बाहेरून आली तर सासूबाई जमिनीवर. तिनं किंचाळून पिशवी टाकली.

"पडले नाही गं, बसलेय."

"आई, लोग क्या कहेंगे! सून सासूला खाली बसवते?"

"सांग, सासू ऐकत नाही. लोकांना लगेच पटेल."

सीमंतिनी हसली नाही. खाली शेजारी बसली. "गेल्या वर्षी तुम्ही अडकलात तेव्हा माझ्या हातात मुखवटे होते. खाली ठेवता येईनात, तुम्हाला धरता येईना. मला फार भीती वाटली हो."

आपल्याला बसवून ठेवण्यामागं ही भीती आहे, हे उषाताईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "तर असं करू. यंदा भालचंद्रालाही सोवळं नेसवू. सोवळ्यानं सोवळ्याला हात दिला तर काय मोडतं? मी अडकले तर तो आहेच."

भालचंद्रानं कुरकुर केली, पण गौरींच्या दिवशी तो खरोखर अंघोळ करून, रेशमी सोवळं नेसून, उघड्या अंगानं भिंतीशी उभा राहिला. कृष्णराव थाळी वाजवू लागले. उषाताईंनी उंबरठ्यात पहिली मूठ टेकवली, वर बोटांची टोकं टेकवली. पाऊल उमटलं. मग दुसरं. त्या थोडं सरकत, थोडं थांबत चालल्या. खोलीच्या मध्यावर पाय भरून आले आणि हालेचनात. थाळी थांबली. सीमंतिनीनं मुखवटे छातीशी धरले. भालचंद्र पुढं झाला.

"थांब," उषाताई म्हणाल्या.

त्यांनी तळवे टेकले, गुडघे टेकले, पाऊल पुढं घेतलं, मांडीवर हात दाबला. सोवळं पुढं ओढलं गेलं, पण सुटलं नाही. हळूहळू त्या उभ्या राहिल्या. पांढऱ्या फरशीवर त्यांच्या दोन्ही हातांचे लाल ठसे पडले होते, भर वाटेत, पावलांच्या मधोमध.

"पुसून घेऊ का, आई?" भालचंद्रानं विचारलं.

"राहू दे. लक्ष्मी काय हात घरी ठेवून येते?" उषाताईंनी दम घेतला. देवघरापर्यंतची वाट त्यांनी नीट पाहिली. सगळं एका दमात होणार नव्हतं, ते त्यांना कळत होतं. "पुढं उठताना तू हात दे मला. अहो, वाजवा थाळी. सीमंतिनी, चल, मुहूर्त आहे अजून."

आणि त्या पुन्हा खाली बसल्या.