बुवांना उरलेला शब्द

प्रगतीनं शाम्पूची आणखी एक पुडी दातांनी फाडली आणि बुवांच्या डोक्यावर रिकामी केली. अंगणातल्या धोंड्यावर बसलेले अमृतबुवा डोळे घट्ट मिटून, मान खाली घालून निमूट न्हाऊन घेत होते. फेस काही होईना. तेल इतकं जिरवलेलं होतं की पाणी नुसतं मण्यांसारखं घरंगळत होतं.

दक्षाकाकू तांब्या घेऊन शेजारी ओशाळून उभ्या होत्या. उद्या डोक्याची तपासणी करायची आहे, एवढंच प्रगती फोनवर म्हणाली होती. म्हणून सकाळी उठून त्यांनी खोबरेल कोमट केलं होतं आणि जीव ओतून चोळलं होतं. चार माणसांत नवऱ्याचं डोकं कोरडं ठणठणीत कसं न्यायचं?

"मशीनला तेल चालत नाही होय?" त्या म्हणाल्या. "आमचा पंप तर तेलाशिवाय जागचा हलत नाही, बाय."

प्रगती हसली. मग बुवांचं डोकं पंच्यानं खसाखसा पुसताना तिचा हात जरा हळू झाला. याच डोक्यावर जरीकाठी फेटा असायचा. त्याच्याकडे मान वर करून बघावं लागायचं.

ती मुंबईला विद्यापीठात मेंदूशास्त्र शिकवत होती. जन्म इथल्याच कासा गावचा, पण वाढली म्हणायची तर बुवांच्या कीर्तनात. चैत्रातल्या जत्रेला विवळवेढ्यात महालक्ष्मीच्या देवळापुढं बुवा उभे राहिले की पाळणेवाल्यांचे भोंगेसुद्धा मवाळ होत. बुक्क्याचा वास, बत्तीभोवतीची पाखरं, पहिल्या रांगेत पेंगणाऱ्या आणि नेमक्या हरिनामाच्या गजराला जाग्या होणाऱ्या म्हाताऱ्या. एकदा पूर्वरंगात बुवांनी मुलांना विचारलं होतं, मन कुठं राहतं रे? सगळ्यांनी छातीवर हात ठेवला, हिनं डोक्यावर. बुवा खळखळून हसले आणि म्हणाले, हिला पत्ता ठाऊक आहे, ही जाऊन येईल. तेव्हापासून ती त्याच पत्त्यावर खेटे घालत होती. दार काही अजून उघडलं नव्हतं.

आता ते उघडायची एक संधी आली होती. मेंदूवरचं संशोधन आणि मेंदूशी जोडायची यंत्रं यांसाठी विद्यापीठांना मोठं अनुदान मिळणार होतं. वाचा गेलेला माणूसही कधीकधी गाऊ शकतो, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक. गाताना त्याच्या मेंदूत काय चालतं ते टिपून त्याचं बोलणं परत आणता येईल का, हा प्रगतीचा प्रकल्प. गेल्या वर्षी त्याचा अर्ज परत आला होता. कल्पना चांगली, पण निदान एका रुग्णाची तरी नोंद जोडा, असा शेरा होता. यंदाची मुदत उद्या दुपारी संपत होती. आताही नाही झालं तर मेंदूतल्या लहरी टिपायचं तिच्याकडचं यंत्र दुसऱ्या विभागाकडे जाणार होतं आणि प्रकल्प कायमचा गुंडाळला जाणार होता. दुसरा रुग्ण मुंबईत मिळाला नसता असं नाही. पण बुवांचा आवाज पुन्हा एकदा कानावर पडावा, हे काही अर्जात लिहिता येत नव्हतं.

पडवीत खाटेवर बसवून तिनं बुवांना त्या यंत्राची तारांची टोपी घातली. एकेका भोकात जेल भरलं. लॅपटॉपच्या पडद्यावर रेघा उमटू लागल्या, शांत, एकाखाली एक.

"बुवा, अगदी हलायचं नाही. मानसुद्धा नाही." तिनं समोर वाटी धरली. "हे काय आहे?"

बुवांनी वाटीकडे पाहिलं. ओठ जुळवले, कपाळावर शीर उभी राहिली.

"चाल," ते म्हणाले.

पेन दाखवलं, फुलपात्र दाखवलं. चाल. आकडे म्हणायला सांगितले. चाल, चाल. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांच्याजवळ हा एकच शब्द उरला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असा एखादा शब्द जिभेवर अडकून राहतो, त्याला अर्थ नसतो. प्रगतीनंही कागदावर तसंच लिहून ठेवलं होतं.

काकूंना मात्र त्याचा अर्थ पक्का ठाऊक होता. त्यांचं माहेर उंबरगावाकडचं. तिकडच्या गुजरातीत चाल म्हणजे निघूया. त्या लगेच बुवांच्या चपला घेऊन आल्या आणि खाटेपाशी मांडून ठेवल्या.

"सारखं जायचं असतं यांना," त्या सांगू लागल्या. बुवा चाल म्हणाले की त्या हातातलं काम टाकून त्यांना धरून नेत. कधी देवळाच्या पायरीपर्यंत, कधी हायवेच्या कडेपर्यंत. आणि तिथं पोचलं की बुवा संतापून काठी आपटत. "कुठं जायचं ते एकदा सांगा म्हटलं, मी नेते. तालुक्यातलं एक देऊळ सोडलं नाही मी. पण याचं काही समाधान नाही बाय. माझ्यावरच राग असेल कसला तरी."

प्रगतीनं मोबाइलवर बुवांच्याच जुन्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावलं. तो भरदार, थोडा नाकातून येणारा आवाज पडवीत पसरला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. बुवांनी तोंड फिरवलं. चांगल्या हातानं मोबाइल उलटा पाडला आणि मागं वळून, खाटेच्या डाव्या अंगाला बघत ओरडले,

"चाल!"

तिथं भिंतीला टेकवलेल्या सुपाशिवाय काही नव्हतं. काकू लगबगीनं चपला त्यांच्या पायात सरकवू लागल्या.

प्रगती मात्र त्या भिंतीकडे बघत राहिली. कीर्तनात बुवांच्या डाव्या अंगाला, जरा मागं, पेटीवाला बसायचा. वेवजी गावचे दीपेशभाई. घरात गुजराती, त्यामुळे पहिल्या वर्षी झालेली फजिती पुढं कितीतरी जत्रा लोक आठवून हसत. बुवांनी मागं वळून 'चाल' म्हटलं. म्हणजे पुढच्या पदाची चाल धरा. दीपेशभाईंनी भाता मिटला, पेटी उचलली आणि उठून चालू लागले. सगळा मंडप हसून लोळत होता.

तिनं काकूंचा हात धरून त्यांना थांबवलं.  कित्येक वर्षांत ती गायली नव्हती. तिनं शब्द घेतलेच नाहीत. बुवांनी स्वतः रचलेल्या पदाची चाल नुसती गुणगुणत राहिली.

बुवा स्तब्ध झाले. मग काठी न घेताच खाटेची कड धरून उठू लागले. प्रगती पुढं झाली, पण त्यांनी तिला बाजूला सारलं. बसून करतात ते भजन. कीर्तनाला उभंच राहावं लागतं. डोक्यामागच्या तारा ताणल्या, एक सुटली, दुसरी सुटली, आणि थरथरत्या पायांवर उभं राहून बुवा गायले,

"दारी उभा माझा हरी, कुणी बसाया पाट द्या रे."

आवाज फाटका होता. पण शब्द एकेक, पुसून ठेवलेल्या समईसारखा स्वच्छ. दोनदा म्हणून झालं आणि ते मटकन खाटेवर बसले.

पडद्यावर शांत रेघांच्या जागी नुसतं गचपण माजलं होतं. हललेल्या मानेची, ओढलेल्या तारांची खरखर. तीन वेळा मागं-पुढं करून प्रगतीनं पाहिलं. उपयोगी पडेल असं क्षणभरसुद्धा काही नव्हतं.

काकू अजून खाली बसल्या होत्या. एक चप्पल बुवांच्या पायात होती, दुसरी त्यांच्या हातात.

"म्हणजे हे जाऊया म्हणत नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही काकू. चाल मागत होते."

"आणि मी यांना उन्हातान्हात फिरवत होते." त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "मला एक चाल येत नाही. सगळं आयुष्य यांच्या मंडळींसाठी आत स्वयंपाक करण्यात गेलं. कीर्तन ऐकलं ते भाकऱ्या थापतानाच. तू गेलीस म्हणजे उद्या कोण देणार यांना?"

फोन वाजला. निलम, तिची संशोधक विद्यार्थिनी. मॅडम, मिळालं का, उद्या दुपारी पोर्टल बंद होतंय, असं एका दमात विचारलं तिनं. नाही मिळालं, असं प्रगतीनं सांगितलं. मग पुन्हा एकदा घ्या, अजून वेळ आहे, निलम म्हणाली. खरंच होता. बुवा आता शांत बसले होते. टोपी नीट केली, थोडं जेल घातलं, हलू नका म्हणून विनवलं, तर बसल्याबसल्या एक ओळ मिळाली असती.

"काकू, तुम्ही म्हणा माझ्यामागून," फोन ठेवून प्रगती म्हणाली. "मी सांगते तशी. बुवा बसूनच ऐकतील." आणि तिनं टोपीच्या तारा पुन्हा जोडायला घेतल्या.

काकूंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

"ते असं टक लावून बसलंय तोवर माझ्या तोंडून काही यायचं नाही, बाय. माझा आवाज काय ते मलाच ठाऊक नाही अजून."

प्रगतीची बोटं तारेवरच थांबली. हायवेवरून एक ट्रक गेला, त्याच्या मागून दुसरा. मग तिनं बुवांच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला, टोपी अलगद उतरवली, केसांतलं जेल पंच्यानं पुसलं. लॅपटॉप मिटून मांडीवर घेतला.

"हं. आता म्हणा."

काकूंनी आधी पदर डोक्यावरून घेतला. प्रगतीनं चाल धरली, काकू तिच्यामागून निघाल्या. आवाज बारीक, कापरा, पायाखालचं न दिसणाऱ्या माणसासारखा चाचपडत पुढं सरकणारा. बुवांनी चांगल्या हातानं खाटेवर ठेका धरला. उठले नाहीत. काकूंच्या कापऱ्या आवाजाखाली आपला फाटका आवाज सरकवून ते बसल्याजागी गाऊ लागले. प्रगती हळूहळू गप्प झाली. तिची गरज उरली नव्हती.

'पाट' या शब्दावर येऊन काकूंचा सूर भलतीकडेच गेला. बुवांनी हात वर केला. दोघंही थांबली.

"पुन्हा," बुवा म्हणाले.

काकूंना त्यात काही विशेष वाटलं नाही. चूक आपलीच, म्हणून त्यांनी घसा खाकरला, मान खाली घातली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रगती मिटलेल्या लॅपटॉपवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. त्यांचं गाणं मोडेल म्हणून तिनं श्वाससुद्धा हलकेच सोडला.