चौपाटीवरच्या तीन हाका

मी एक भोंगा बोलतोय. कारखान्याच्या छपरावरचा नव्हे. हातात धरून बोलायचा, पांढऱ्या अंगाचा आणि लाल तोंडाचा. सहलीत, मोर्चात, शाळेच्या मैदानावर तुम्ही माझे भाऊबंद पाहिले असतील.

माझ्या पोटात सहा सेल बसतात. मागच्या बाजूला छोटी जाळी आहे, तो माझा कान. त्यात कुणी बोललं की ते मोठं होऊन पुढच्या तोंडातून बाहेर पडतं. माझं स्वतःचं असं बोलणं नसतं. आज पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगतोय, कारण एक नाव माझ्या आत अडकून बसलंय आणि काही केल्या निघत नाही.

लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या एका दुकानातून एका बसमालकाने मला विकत घेतलं आणि भाईंदर पूर्वेला आणलं. दर रविवारी सकाळी सात वाजता त्याची बस गोल्डन नेस्टच्या नाक्यावरून 'मुंबई दर्शन'ला सुटायची. सिद्धिविनायक, हाजी अली, राणीची बाग, गेटवे, हँगिंग गार्डन आणि शेवटी गिरगाव चौपाटी. मालकाने मला गाइडच्या हाती दिलं. त्याचं नाव सुभाष.

सुभाषभाऊ पंचेचाळिशीचे. लालबागच्या खोलीतून भाईंदरच्या फ्लॅटमध्ये आले आणि दोन वर्षांत ते नोकरीला होते ती औषध कंपनी बंद पडली. बोलायची आवड होती, मुंबई पायाखालची होती, म्हणून हे काम धरलं. ते बोलायला लागले की खिडकीतल्या मुलांची वेफर्सची पाकिटं तशीच हातात राहायची. संध्याकाळी ते मला रुमालाने पुसून घरी न्यायचे आणि कपाटावर ठेवायचे.

माणसांची एक गंमत मला तिथे कळली. मुंबई परवडेना म्हणून मीरा रोडला, भाईंदरला आलेली माणसं पुन्हा तिकीट काढून मुंबईच बघायला यायची. आपली जुनी गल्ली जवळ आली की गप्प होऊन काचेला नाक लावायची. समुद्रापाशी गेली की समुद्राकडे पाठ करून फोटो काढायची.

दोन हजार चारचा ऑक्टोबर होता. त्या रविवारी नाक्यावर टेलिफोन खात्यात नोकरी करणारा धम्मपाल आपल्या वडिलांना बसमध्ये बसवायला आला. त्याची स्वतःची ड्युटी होती. वडील सत्तरीचे, परभणीकडचे. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, मांडीवर कापडी पिशवी. चैत्यभूमीवरची सहा डिसेंबरची गर्दी गुडघ्यांना झेपत नाही म्हणून म्हातारबा आधीच लेकाकडे आले होते. त्यांचं नाव कोंडिराम.

बस सुटल्यावर ते तोल सावरत पुढे आले.

"साहेब, चैत्यभूमीला गाडी थांबती का?"

"नाही काका. आपल्या प्रोग्राममध्ये नाहीये ते."

"धाच मिनटं. मी पळत जाऊन येतो."

"काका, एकासाठी थांबवली की सगळेच सांगतात. लांबून दाखवतो तुम्हाला."

म्हातारबा हसले, "बरं बरं" म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. पण दादरहून बस पुढे गेली तेव्हा सुभाषभाऊ कुणाला तरी सिनेनटाचा बंगला कुठे आहे ते सांगत होते. लांबून दाखवायचंही राहून गेलं.

संध्याकाळी चौपाटीवर अर्धा तास दिला होता. साडेसहाला सुभाषभाऊंनी माणसं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. पुन्हा एक कमी. कोंडिरामांच्या जागेवर पिशवी तेवढी होती.

सुभाषभाऊ खाली उतरले आणि त्यांनी माझी कळ दाबली. "कोंडिराम काका, भाईंदरची गाडी सुटतेय, लवकर या!" भेळेच्या गाड्या, फुगेवाले, घोडागाड्या, पलीकडे भरतीचा आवाज. दुसरी हाक मारली. तिसरी मारली.

बसमध्ये कुरबुर सुरू झाली होती. एक बाई म्हणाली, "अहो, मुलांची उद्या शाळा आहे." मागून एक जण ओरडला, "अरे भाईसाब, एक आदमी के लिए चालीस लोग बैठे रहेंगे क्या?" कुणीच त्याला गप्प केलं नाही. वीस मिनिटं झाली.

"सुभाषभाऊ, पिशवी आहे सीटवर," ड्रायव्हर उत्तम हळूच म्हणाला. "म्हातारा परत येणार."

सुभाषभाऊंनी घड्याळ पाहिलं, मग बसकडे पाहिलं. "घे गाडी," म्हणाले.

गोल्डन नेस्टला धम्मपाल उभाच होता. सगळे उतरेपर्यंत तो दाराकडे बघत राहिला.

"आबा कुठायत?"

मी सुभाषभाऊंच्या खांद्याला लटकत होतो. माझा कान त्यांच्या छातीशी होता. आतली धडधड मला ऐकू येत होती आणि तिच्यावरून ते शांतपणे बोलत होते.

"ते चौपाटीवरूनच गेले. म्हणाले, मी चैत्यभूमीला जाऊन येतो, तिथून घरी जाईन, तुम्ही निघा. मी खूप सांगितलं, पण ऐकेनात. पिशवी विसरले घाईत."

आणि धम्मपाल चक्क हसला. "तेच होतं त्यांच्या डोक्यात. येतील मग." पिशवी घेऊन तो गेला.

सोमवारी सकाळी तो बसमालकाच्या ऑफिसात आला. डोळे लाल होते. "आबा आले नाहीत. नक्की हेच म्हणाले ना ते?" मालक समोर बसला होता. सुभाषभाऊंनी माझ्या पट्ट्याशी चाळा केला आणि म्हणाले, "हो. हेच."

मला सगळं ठाऊक होतं. पण कळ दाबून कुणी बोललंच नाही, तर मी काय करणार?

धम्मपालने दादर पिंजून काढलं. पोलिसांत तक्रार दिली, तीही 'दादर परिसरातून बेपत्ता' अशी. चैत्यभूमीच्या आजूबाजूला, स्टेशनबाहेर, शिवाजी पार्कच्या कट्ट्यांवर तो फोटो दाखवत फिरला. दर रविवारी सकाळी बस सुटताना नाक्यावर यायचा, नव्या प्रवाशांना फोटो द्यायचा आणि सुभाषभाऊंना म्हणायचा, "तुमचं लक्ष असू द्या हं, भाऊ." ते मान हलवायचे.

त्यांचं बोलणं मात्र बिघडलं. गेटवेची गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायचे. माणसं दोनदा मोजायचे, आणि सगळी भरली तरी तिसऱ्यांदा मोजायचे. चौपाटी आली की बसमधून उतरेनासे झाले. एकदा गर्दीत पांढरी टोपी दिसली, तेव्हा त्यांनी मला तोंडाशी धरलं आणि कळ दाबली. शब्द फुटला नाही. माझ्या तोंडातून नुसती घरघर येत राहिली. लोक वळून बघायला लागले तसा उत्तमने येऊन त्यांचा हात खाली केला.

डिसेंबर आला. धम्मपालची आई वैजयंता गावाहून आली. नवरा कुठे का असेना, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारच, असं तिला वाटत होतं. मायलेक दिवसभर त्या रांगांमध्ये उभे राहिले, प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड बघत. कोंडिराम आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धम्मपाल सुभाषभाऊंच्या घरी आला. मी कपाटावर होतो. त्याच्या हातात ती कापडी पिशवी होती.

"आबांची पिशवी त्यांच्याशिवाय कुणी उघडायचं नाही, अशी घरातली रीत. खुंटीला तशीच होती. काल आईनं उघडली."

त्याने आतून आपल्या घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. मग मेणबत्त्यांचा एक पुडा काढला. न फोडलेला.

"चैत्यभूमीला निघालेला माणूस मेणबत्त्या गाडीत ठेवून जाईल का? तुम्हीच सांगा, भाऊ."

सुभाषभाऊंनी तो पुडा उचलून हातात घेतला. त्यांच्या बायकोने चहाचे कप आणले आणि त्यांचा चेहरा बघून तसेच आत नेले.

"ते काहीच म्हणाले नव्हते," सुभाषभाऊ म्हणाले. "मला ते सापडलेच नाहीत. वीस मिनिटं थांबलो. तीन हाका मारल्या. मग निघालो."

धम्मपाल ओरडेल, अंगावर जाईल, असं मला वाटलं. तो तसाच उभा राहिला.

"सोमवारी मी आलो होतो तुमच्याकडे."

"हो."

"सोमवारी, सुभाषभाऊ."

त्याने पुडा त्यांच्या हातातून घेतला आणि पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चौपाटीला निघाले. का कुणास ठाऊक, सुभाषभाऊंनी मलाही खांद्याला लावलं. बस उभी राहायची त्या जागेसमोर कठड्यापाशी सरूबाई नावाची बाई कणसं भाजत बसली होती. धम्मपालने फोटो दाखवला. तिने पंखा खाली ठेवला.

"हे म्हातारं व्हय? ह्याच कट्ट्यावर बसलं होतं. रविवार संध्याकाळपासनं मंगळवार दुपारपातूर. बाटलीत समुद्राचं पाणी भरायला लांब वाळूत गेलं, म्हणालं, आन आलं तर गाडी न्हाई. बायकोनं समुद्र बघितला न्हाई, तिला दावायला पाणी न्यायचं होतं."

"कुणी काही विचारलं नाही त्यांना?"

"मी इचारलं की! स्टेशनात नेऊन सोडते म्हणलं, तर उठंना. पोलीस आला तर त्यालाबी म्हणालं, मी हरवलो न्हाई, गाडी येणार हाय. मला म्हणालं, गाडीवाल्या साहेबांनी सकाळीच सांगितलंय, चुकलात तर हाय तिथंच थांबा, गाडी परत येईल. मी जागा सोडली आन गाडी आली तर? कणीस दिलं ते खाल्लं. उन्हातनं सावलीतबी येईना."

'आहे तिथेच थांबा, गाडी परत येईल' हे वाक्य माझं होतं. दर रविवारी, दहिसरचा नाका ओलांडला की सुभाषभाऊ माझ्यातून ते सांगायचे. सांगायची पद्धत होती म्हणून सांगायचे. एवढं मन लावून ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी म्हातारबा कट्ट्यावरून खाली कोसळले. पोलिसांनी दवाखान्यात नेलं. शुद्ध आलीच नाही. शुक्रवारी गेले. हे जवळच्या पोलीस चौकीत कळलं. तिथे एक फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे सत्तर'. धम्मपालने फोटो पाहिला आणि मान डोलावली. त्या नावाने त्या भागात कुणी चौकशीच केली नव्हती. चौकशी करणारा दादरला फिरत होता.

बाहेर आल्यावर सुभाषभाऊ म्हणाले, "माझ्यावर तक्रार द्या. मी लिहून देतो."

"ते बघू," धम्मपाल म्हणाला. "आधी आईला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं."

त्यांनी सांगितलं. धम्मपालच्या भाईंदर पूर्वेच्या दीड खोलीत, खाली जमिनीवर बसून, काहीही न लपवता. वैजयंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मला ती जागा दावा."

त्या रविवारी सुभाषभाऊ बसवर गेले नाहीत. संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. वैजयंताबाई पांढरं लुगडं नेसल्या होत्या. समुद्र त्यांच्यासमोर पहिल्यांदाच होता, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. सरूबाईने दाखवलेल्या जागी हात फिरवला, मग तिथेच बसल्या.

"किती हाका मारल्या होत्या, म्हनलात?"

"तीन."

"तीनच?"

सुभाषभाऊंनी माझा पट्टा घट्ट धरला.

"मंग आता मारा."

"आई..." धम्मपाल म्हणाला.

"मारू दे त्यान्ला. तवा काय म्हनला होतात, साहेब?"

"कोंडिराम काका, भाईंदरची गाडी सुटतेय."

"सुटतीय म्हनू नका," वैजयंताबाई म्हणाल्या. "गाडी आलीय म्हना."

सुभाषभाऊंनी मला दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर गरम लागत होता.

"कोंडिराम काका, भाईंदरची गाडी आलीय!"

भेळ खाणारे थांबले. घोडागाडीवाला बघत राहिला. सुभाषभाऊंनी पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. तीन झाल्या, दहा झाल्या, मग मोजायचं राहिलं. दूर पाण्याजवळ एक टोपीवाला म्हातारा वळला. सरूबाईसकट चौघंही एकदम त्याच्याकडे बघायला लागले. त्याने आमच्याकडे क्षणभर पाहिलं आणि नातवाचं बोट धरून पुढे गेला.

"मारा," वैजयंताबाई म्हणाल्या.

माझे सेल उतरत चालले होते. आवाज आधी चिरका झाला, मग बारीक. नाव तेवढं कळत होतं. शेवटी माझ्यातून काहीच निघेना, तरी सुभाषभाऊ बोलतच राहिले, आणि त्यांचा स्वतःचा फुटलेला आवाज दोन हातांपलीकडे जाईना. तेव्हा वैजयंताबाई उठल्या, त्यांनी मला सुभाषभाऊंच्या तोंडापासून बाजूला केलं आणि समुद्राकडे बघत म्हणाल्या, "बास. चला घरी."

तक्रार त्यांनी दिली नाही. माफ केलं, असंही कधी म्हणाल्या नाहीत. सुभाषभाऊंनी बसचं काम सोडलं. मालकाने मला परत मागितलं नाही. नवीन गाइड आला, त्याला नवीन भोंगा मिळाला.

मी या कपाटावर आहे. सुभाषभाऊंनी सेल काढले नाहीत. ते आतच फुटले, त्यांचं पाणी सुटलं, माझ्या पोटातल्या पट्ट्या हिरव्या पडल्या. मला आता कुणी हातात घेत नाही. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढतात आणि वर ठेवतात, तेव्हा सुभाषभाऊ त्या खोलीत थांबत नाहीत. आणि मला एकट्याला वाटत राहतं की माझ्या तोंडाच्या कडेवर एक नाव येऊन थांबलंय. अजून अर्धी कळ दाबली तर ते बाहेर पडेल.

पुढच्या साफसफाईत मला भंगारात देणार आहेत म्हणे. देऊ देत. माझं मागणं तुमच्याकडे आहे. कधी अशा बसमध्ये बसलात, तुमच्या शेजारची जागा रिकामी राहिली आणि गाइड घड्याळ बघायला लागला, तर गप्प बसू नका. 'थांबू या' म्हणा. मोठ्याने म्हणा. त्या चाळीस माणसांत एकानेही ते म्हटलं असतं, तर मी ते साऱ्या चौपाटीला ऐकवलं असतं. भोंग्याला स्वतःहून 'थांबा' म्हणता येत नाही.