मला बर्फाच्या पेटीत कोंडलं तो सामना

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. मी एक जुनं हेल्मेट. जन्मच धडका खाण्यासाठी, आणि धडक म्हटली की माझी गाळण उडते. हसा, खुशाल हसा. पण माझी गोष्ट ऐकून झाल्यावर हसू आलं तर मला सांगा.

एका कारखान्यात मी साच्यातून निघालो. मला गडद हिरवा रंग दिला, आत मऊ गाद्या बसवल्या आणि तोंडावर लोखंडी जाळी ठोकली. मग हातोड्याने ठोकून ठोकून मी फुटतो का ते पाहिलं. फुटलो नाही, म्हणून मी पास. तेव्हापासूनच माझ्या मनात भीती बसली ती बसलीच. माझ्यासोबतची बाकीची हेल्मेटं ट्रकमध्ये बडबडत होती, कुणाला राजधानीचं मोठं मैदान मिळणार, कुणाला टीव्हीवर दिसायचं होतं. मी मात्र एका कोपऱ्यात गप्प होतो. मला एखाद्या दुकानाच्या काचेत बसायला आवडलं असतं.

माझ्या नशिबी आलं अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं लिंडर कॉलेज. चहूकडे मक्याची शेतं, मध्ये धान्याची उंच कोठारं आणि कोठारांच्या सावलीत मैदान. शनिवारी सामना असला की गावातलं न्हाव्याचं दुकानसुद्धा बंद. आमचा फुटबॉल नावाला पायाचा. चेंडू काखेत मारून एकाने पळायचं आणि दुसऱ्यांनी त्याला जमिनीवर लोळवायचं. लोळवणाऱ्यांत सगळ्यात जोरकस होता बावन्न नंबरचा केलन ब्राख्ट, आणि मी बसलो त्याच्या डोक्यावर.

केलन डुकरं पाळणाऱ्या घरातला पोरगा. मान बैलासारखी, मन लोण्यासारखं. सामन्याआधी मला दोन्ही हातांत धरून तो हळूच म्हणायचा, "सांभाळ रे बाबा." मी काय सांभाळणार, कप्पाळ? मला तर त्याच्याहून जास्त धडकी भरलेली असायची.

आमच्या कॉलेजात एक जुनी रीत होती. पोराने कुणाला दणकून आडवं केलं की कोच त्याच्या हेल्मेटवर मक्याच्या कणसाचं एक स्टिकर लावायचा. जितका आवाज मोठा, तितकी शाबासकी. मग पोरं आवाजासाठी काय करायची? डोकं खाली घालून माझ्यासकट समोरच्याच्या अंगावर जायची. केलनने मला कणसांनी इतकं मढवलं की खालचा हिरवा रंग दिसेना. गावातली लहान मुलं मला हात लावायला धावायची. माझं कौतुक व्हायचं, आणि प्रत्येक कणसामागचा तो आवाज मला आठवायचा.

एक गोष्ट मला ठाऊक होती, ती त्या कौतुकात कुणी विचारत नव्हतं. मी कवटी वाचवतो. पण डब्यात अंडं ठेवून डबा आपटला तर डबा शाबूत राहतो, अंड्याचं काय? केलनचा मेंदू आत कसा हलतो ते मला बाहेरून कळायचं. सांगणार कुणाला? मला जाळी आहे, तोंड नाही.

जुना कोच हरत गेला, आणि शेवटी त्याला घरी पाठवलं. उन्हाळा सरता सरता नवा कोच आला, हार्लन ड्वायर. ठेंगणा, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मात्र कोठारापलीकडे ऐकू जाईल असा. पहिल्याच दिवशी तो सामानाच्या खोलीत आला. तिथे म्हातारा लेस्टर आम्हा हेल्मेटांची देखभाल करायचा.

"ही कणसं सगळी काढून टाका," कोच म्हणाला.

लेस्टरच्या हातातला पाना खाली पडला. "सगळी? अहो, पोरांनी कमावलीत ती!"

"कशाने कमावलीत? डोक्याने. म्हणूनच काढायची. लेस्टर, मी तुमच्या पाया पडतो, पण काढा."

लेस्टरने केस वाळवायच्या यंत्राने गरम करून, नखाने खरवडून एकेक कणीस काढलं. काढताना तो नव्या कोचला शिव्या घालत होता आणि मीही मनातल्या मनात घालत होतो. संध्याकाळी आम्ही सगळी हेल्मेटं फळीवर बसलो तर कोण कुणाचं ते ओळखू येईना. सगळी सारखी, सगळी बोडकी.

पुढचा अपमान तर विचारूच नका. ड्वायर कोचने सरावाला हेल्मेटंच काढून ठेवायला लावली. आम्ही बाकावर, पोरं उघड्या डोक्याने मैदानात.

"कोच, असं कसं लोळवायचं?" केलन कुरकुरला. "हेल्मेट नाही तर डोकं कोण घालणार मध्ये?"

"हेच तर! खांदा लाव, डोकं बाजूला. उघडं आहे म्हणून जपतोस ना? मग हेल्मेट घातल्यावर तेच डोकं दुसरं होतं का रे, गाढवा?"

पोरं खो खो हसली. मला तो माणूस तेव्हा दुष्ट वाटला. आपली गरजच नाही असं कुणी तोंडावर म्हटलं की लागतंच.

पहिले सामने आम्ही हरलो. गावच्या कॅफेत लोक कोचला ऐकू जाईल असं बोलायचे, "उघड्या डोक्याचा संघ आणि रिकाम्या डोक्याचा कोच!" मग पोरांना ते खांद्याचं तंत्र जमू लागलं आणि आम्ही जिंकायलाही लागलो. माझ्यावरच्या धडका कमी झाल्या. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं, पण कबूल करायला लाज वाटत होती.

शेवटचा सामना शेजारच्या गावाशी. जिंकणाऱ्याला गंजका नांगराचा फाळ मिळतो. हसू नका, त्या फाळासाठी आमच्याकडे सख्खे भाऊ अबोला धरतात. फाळ कित्येक वर्षं त्यांच्याकडेच होता. कॉलेजच्या विश्वस्तांनी कोचला स्पष्ट सांगितलं होतं, फाळ आणा, नाहीतर सामान बांधा.

आणि त्या आठवड्यात माझ्या केलनचं काहीतरी बिनसलं. आधीच्या सामन्यात त्याला एक ओझरता धक्का बसला होता. तेव्हापासून मला डोक्यावर चढवताना तो डोळे मिटून घ्यायचा. उजेडाकडे बघवेना त्याला. एकदा बुटाची नाडी बांधता बांधता तो मध्येच थांबला, जणू पुढे काय करायचं ते विसरला. कुणाला काही बोलला नाही. मी त्या आठवड्यात इतका घाबरलो होतो की लेस्टर माझे स्क्रू आवळत होता तेही मला कळलं नाही.

सामना अटीतटीचा झाला. उत्तरार्धात त्यांचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन सुटला आणि केलन सगळं शिकवलेलं विसरला. डोकं खाली. समोर त्या गड्याचा गुडघा. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

केलन उठला आणि भलतीकडेच चालू लागला, थेट विरोधी संघाच्या बाकाकडे. आमच्या संघाची दुखणी-खुपणी बघणारी मार्वा ओस्टरगार्ड धावत आली. पन्नाशीची बाई, पण पोरांना तिचा कोचपेक्षा जास्त धाक.

"ए, इकडे बघ माझ्याकडे. कुणाशी खेळतोय आपण?"

केलनने मागच्या शनिवारच्या संघाचं नाव सांगितलं.

"झालं. बस खाली. हेल्मेट दे."

"मार्वा, मी ठणठणीत आहे गं!"

"दे म्हटलं ना!" तिने मला त्याच्या डोक्यावरून ओढून काढलं. "याच्याशिवाय तुला मैदानात पाऊल टाकता येणार नाही. बस आता ओरडत."

असंच करतात आमच्याकडे. डोक्याला मार बसलेल्या पोराचं हेल्मेट लपवायचं, म्हणजे तो गुपचूप परत जाऊ शकत नाही. मार्वाने मला बर्फाच्या पेटीत टाकलं, झाकण लावलं आणि वर बसली. आत मिट्ट काळोख आणि गारठा. पण मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला. केलन सुटला, मी सुटलो.

थोड्या वेळाने वरचं वजन गेलं. दुसऱ्या कुणाच्या तरी पोटरीत गोळा आला होता आणि मार्वा तिकडे धावली. मी काळोखात ऐकत होतो. गर्दीचा कल्ला, शिट्ट्या, आणि मग भोंग्यावरून निवेदकाचा आवाज घुमला.

"काय लोळवलाय! बावन्न नंबर, केलन ब्राख्ट!"

बाप रे. मी तर इथे होतो! मग त्याच्या डोक्यावर कोण होतं?

मग कळलं ते असं. घोटा सुजून बाकावर बसलेल्या ओटिसने आपलं हेल्मेट त्याला देऊन टाकलं होतं. भोळं पोरगं, मित्राला मदत करतोय असं त्याला वाटलं. आणि कणसं नाहीत, खुणा नाहीत, सगळी हेल्मेटं सारखी, म्हणून केलन मैदानात दिसला तेव्हा कोचला वाटलं, मार्वानेच त्याला हेल्मेट परत देऊन सोडलं. त्यानेच तर सारखी केली होती ना!

त्या पेटीत मी जसा भ्यालो तसा आयुष्यात कधी भ्यालो नाही. ओरडावंसं वाटत होतं. थांबवा रे त्याला, कुणीतरी थांबवा! बर्फ वितळून माझ्या गाद्यांत मुरत होता आणि मी पुढच्या धडकेची वाट बघत होतो. पुढची धडक बसली असती तर मला नुसता आवाज आला असता.

झाकण धाडकन उघडलं. मार्वाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने मला पाहिलं, उचललं, आणि मला डोक्यावर उंच धरून ती पळत सुटली.

"कोच! अहो कोच! त्याचं हेल्मेट माझ्याकडे आहे! तो दुसऱ्याचं घालून गेलाय!"

ड्वायर कोचने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. खेळ थांबवून मागायची सोय उरली नव्हती, सगळे विराम वापरून झाले होते. घड्याळ संपत आलं होतं, आणि समोरचे चेंडू उचलायला वाकलेले. खेळ चालू असताना कोच आत शिरला तर मोठा दंड बसतो, चेंडू त्यांना पंधरा यार्ड पुढे मिळतो. मग साधी एक लाथ खांबांमधून मारली की तीन गुण, आणि सामना त्यांचा. हे त्या मैदानावर शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

कोचने कानावरचं यंत्र काढून फेकलं आणि तो पळत सुटला. ठेंगणा माणूस, चष्मा सावरत, हात हलवत, "थांबा! थांबा!" पंचांनी दंडाचं पिवळं फडकं फेकलं. सगळं गाव त्याच्या नावाने बोंबलायला लागलं. त्याने केलनला छातीशी धरलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या हनुवटीचा पट्टा सोडवला.

"कोच, काय करताय! फाळ जाईल आपला!"

"जाऊ दे. माझ्याकडे बघ."

केलनने पाहिलं. त्याच्या एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती. मग तो भलामोठा पोरगा तिथेच गुडघ्यांवर बसला आणि बारीक आवाजात म्हणाला, "कोच, माझं डोकं दुखतंय."

"कधीपासून?"

"मागच्या शनिवारपासून."

"मग बोलला का नाहीस, राजा?"

"इथे असं कुणी बोलत नाही, कोच."

फाळ गेला. रुग्णवाहिका आली. मी मार्वाच्या काखेत होतो.

चार-पाच दिवसांनी मार्वा सामानाच्या खोलीत आली आणि लेस्टरला म्हणाली, "आत रक्त साकळलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून एक धक्का बसला असता तर आईच्या हातात पोरगं मिळालं नसतं." लेस्टर बराच वेळ मला पुसत राहिला, मी स्वच्छ असूनही.

विश्वस्त कोचला काढायला बसले, तेव्हा केलनची आई डुकरांच्या गोठ्यातले बूट घालूनच बैठकीत शिरली. काय बोलली ते मला माहीत नाही. कोच राहिला.

केलन पुन्हा खेळला नाही. त्याला शब्द अजून कधीकधी सापडत नाहीत, पण डुकरांना तो नावाने हाका मारतो. मीही निवृत्त झालो, फळीवर धूळ खात पडलो. वाईट वाटायचं थोडं. पण दरवर्षी सरावाच्या पहिल्या दिवशी कोच मला खाली काढतो, सगळ्या पोरांना रांगेत उभं करतो आणि एकेकाच्या हातात देतो. मला धरून प्रत्येकाने मोठ्याने एकच वाक्य म्हणायचं, "माझं डोकं दुखतंय." ही त्याची नवी रीत. दांडगी दांडगी पोरं लाजतात, एकमेकांना कोपरं मारतात, फिदीफिदी हसतात. कोच म्हणतो, "हसा, पण म्हणा. जीभ वळायला हवी."

मित्रांनो, मी तुमचं डोकं झाकतो, एवढंच माझ्या हातात आहे. आत काय दुखतंय ते तुम्हीच सांगायचं, आणि मार बसल्यावर लगेच सांगायचं. कुणी भित्रा म्हणालं तर म्हणू द्या. मला तर सगळे म्हणतात.

यंदा रांगेच्या शेवटी एक उंच, लाल केसांचा पोरगा होता. त्याने मला हातात घेतलं आणि ते वाक्य म्हटलं. हसला नाही. मार्वा पुढे आली, तिने नुसता हात पुढे केला, आणि त्याने काखेतलं आपलं हेल्मेट तिच्या हातात दिलं.